बर्मिंगहॅममध्ये एका दिवसात जोसेफ चेंबरलेन कसा बघायचा: स्क्रूच्या कारखानदाराने गाव कसं चालवलं त्याची पायी फेरी

भारतातून कोणी बर्मिंगहॅमला आलं की प्रोग्रॅम ठरलेला असतो, एक दिवस कॅडबरी वर्ल्ड, एक दिवस बुलरिंगला शॉपिंग, एक दिवस शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड आणि मग बॅगा भरायच्या. गाव बघायचं राहूनच जातं. म्हणून मी घरी आलेल्यांना अजून एक दिवस थांबवून घेते आणि एका माणसाच्या मागे मागे फिरवते, जोसेफ चेंबरलेन, स्क्रूचा कारखानदार, १८७३ ते १८७६ इथला महापौर. आता बरेच जण "तो रूट पाठव ना" म्हणतात, तर एकदाच नीट लिहून टाकते.

सगळ्यात आधी गोंधळ नको. हिटलरबरोबर म्युनिक करार केला तो चेंबरलेन हा नाही, तो ह्याचा धाकटा मुलगा नेव्हिल. थोरला मुलगा ऑस्टिन, त्याला शांततेचं नोबेल मिळालं. आपण बापाच्या मागे निघालोय.

निघताना तीन गोष्टी करा. पायात चांगले शूज, कारण चालणं बरंच आहे. म्युझियमच्या वेळा आणि सुट्टीचा दिवस आदल्या रात्री बघून ठेवा, मध्यंतरी बरीच वर्षं काम चालू होतं आणि दालनं टप्प्याटप्प्याने उघडली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे घरातला एक साधा, लाकडात पिळायचा लोखंडी स्क्रू खिशात टाका. खरंच टाका, मुलं बरोबर असतील तर नक्कीच.

ट्रेनमध्ये किंवा बसमध्ये बसलात की तो स्क्रू बाहेर काढा आणि त्याच्या टोकाला बोट लावून बघा. टोचतं ना? पूर्वी ते टोकच नव्हतं. स्क्रू बोथट असायचे, सुताराने आधी गिरमिटाने भोक पाडायचं आणि मग स्क्रू पिळत बसायचं. अमेरिकेत टोकदार स्क्रू बनवायचं मशीन निघालं, त्याचे इंग्लंडचे हक्क जोसेफच्या नात्यातल्या नेटलफोल्ड नावाच्या कारखानदाराने घ्यायचे ठरवले, पण एकट्याचा खिसा पुरेना. मग लंडनमध्ये चपलाबुटांचा धंदा असलेल्या जोसेफच्या वडिलांनी १०,००० पौंड घातले, आणि घरचा एवढा पैसा अडकलाय तर घरचंच कोणीतरी तिथे बसलेलं बरं म्हणून १८५४ मध्ये अठरा वर्षांच्या पोराला बर्मिंगहॅमला पाठवून दिलं. आपल्याकडे भागीदारीत पैसे घातले की घरातलं एक पोरगं गल्ल्यावर बसवतात ना, अगदी तसंच. पोरगं सोळाव्या वर्षी शाळा सोडून वडिलांच्या धंद्यात लागलेलं, कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. पण हिशोब आणि विक्री हातात घेतली आणि वीस वर्षांत ही फर्म अशी वाढली की इंग्लंडमध्ये बनणाऱ्या स्क्रूंपैकी जवळपास दोनतृतीयांश ह्यांचे. १८७४ मध्ये चेंबरलेन मंडळींनी आपला हिस्सा विकला, जोसेफच्या वाट्याला सुमारे १,२०,००० पौंड आले, वय अडतीस. फर्मचं पुढे काय झालं तर १९०२ मध्ये विलीनीकरण होऊन तिचं गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स झालं, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग बनवणारी जीकेएन. पिंपरीचे लोक हे नाव वाचून लगेच मान डोलावतील.

त्याने हे कसं केलं ते लक्षात ठेवा, कारण दिवसभर हेच परत परत दिसणार आहे. मोठं भांडवल उभं करायचं, लहान लहान स्पर्धक विकत घ्यायचे, सगळं एका छताखाली आणायचं आणि मोठ्या प्रमाणावर स्वस्तात चालवायचं. ह्यात छोटे स्क्रूवाले बुडाले असा आरोप त्याच्यावर पुढे झाला, त्याने तो नाकारला, पण मोठ्या मशीनसमोर घरगुती कारागीर टिकत नाही हे आपल्याला इचलकरंजी-मालेगावच्या मागवाल्यांकडून वेगळं ऐकायला नको. माझं सरळ म्हणणं आहे की ह्या माणसाचं महापौरपण कळायला त्याची भाषणं नंतर वाचा, आधी त्याची हिशोबाची वही बघा.

न्यू स्ट्रीट स्टेशनला उतरायचं आणि न्यू स्ट्रीटनेच वर चालत व्हिक्टोरिया स्क्वेअर, सात-आठ मिनिटं. समोर मोठी घुमटवाली इमारत म्हणजे काउन्सिल हाऊस, हिचा पायाचा दगड १८७४ मध्ये महापौर म्हणून ह्यानेच बसवला. चौकातलं ते मोठं कारंजं, आडवी बाई असलेलं, ते आपल्या बडोद्याच्या ध्रुव मिस्त्रींचं शिल्प आहे, फोटो काढा पण आजचा विषय तो नाही.

काउन्सिल हाऊसच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसा आणि आधीचं गाव डोळ्यासमोर आणा. १८५०च्या दशकात इथल्या नगरपालिकेत ज्यांचा वरचष्मा होता ते म्हणवून घ्यायचे काटकसरवाले, एकच धोरण, घरपट्टी वाढवायची नाही, आणि त्यांची खरी बैठक सभागृहात नाही तर वूडमन नावाच्या पबमध्ये व्हायची. गटारं नाहीत, रस्ते नाहीत, पण पट्टी कमी. गावातले मोठे कारखानदार म्हणायचे आपल्याला काय करायचंय त्या घाणीत. चेंबरलेन वेगळा पडला तो इथे. १८६९ मध्ये तो सेंट पॉल्स वॉर्डातून नगरसेवक झाला आणि त्याने आपल्या बरोबरीच्या धंदेवाल्यांना, घरातल्या मेहुण्या-पाहुण्यांना, चर्चमधल्या ओळखीच्यांना ओढून आत आणलं. १८७३च्या नोव्हेंबरात महापौर.

आता आपल्या लोकांना इथे एक गोष्ट समजावून सांगावी लागते. तेव्हा इथला महापौर नगरसेवकच निवडायचे, तेही एका वर्षासाठी, चेंबरलेनला सलग तीनदा निवडलं. ऐकायला आपल्यासारखंच वाटतं, पण आपल्याकडे सहीचा अधिकार आयुक्ताकडे, मुंबईचा १८८८चा कायदाच तसा आहे आणि बाकीच्या महापालिकांतही तोच साचा चालत आलाय, महापौराच्या हातात सभा चालवणं. इथे आयुक्त नव्हता. कामं नगरसेवकांच्या समित्या चालवायच्या, आणि चेंबरलेनने गॅसच्या समितीसारख्या महत्त्वाच्या ठिकाणी स्वतः बसून काम केलं. त्यामुळे "आमचा महापौर असं का करत नाही" हा प्रश्न विचारताना हा फरक आधी बघा. बाय द वे, आता इथला लॉर्ड मेयरही मानाचाच आहे, पण २०१७ पासून सगळ्या वेस्ट मिडलँड्स भागाचा वेगळा थेट निवडलेला मेयर असतो आणि त्यातला पहिला अँडी स्ट्रीट हा जॉन लुईस ह्या दुकानांच्या साखळीचा मॅनेजिंग डायरेक्टर होता. म्हणजे दीडशे वर्षांनी परत धंद्यातलाच माणूस.

काउन्सिल हाऊसला वळसा घालून मागे या, चेंबरलेन स्क्वेअर. मधोमध टोकदार, दगडी, देवळाच्या शिखरासारखं उंच कारंजं आहे, साधारण ६५ फूट. १८८० मध्ये गावाने ह्याच्या महापौरकीची आठवण म्हणून बांधलं, तेव्हा तो जिवंत होता आणि पंचेचाळिशीचाही नव्हता. जवळ जाऊन त्याच्या चेहऱ्याचं गोल शिल्प शोधा. आर्किटेक्टचं आडनावही चेंबरलेनच, पण नात्यातला नाही.

कारंजंच का, तर पाणी. ही गोष्ट इथेच उभं राहून सांगायची. ह्याच्या आधी पाणी खाजगी कंपनीचं, नळाला आठवड्यातून तीनच दिवस यायचं, आणि निम्मं गाव विहिरींवर, त्या विहिरींत गटाराचं पाणी पाझरायचं. आमची एक मावशी इथे माझ्याबरोबर आली होती, तिच्या गावाला अजून चार दिवसांनी पाणी येतं, पिंप भरून ठेवायची, कळश्या, बादल्या, रात्री दोनला उठून नळाखाली हंडा. तिला हे सांगितलं तर ती कारंज्याच्या कट्ट्यावर बसलीच आणि म्हणाली, "म्हणजे इंग्लंडातपण?" हो, इंग्लंडातपण. चेंबरलेनने १३,५०,००० पौंड देऊन कंपनी नगरपालिकेसाठी विकत घेतली, १८७६च्या सुरुवातीला ताबा घेतला. आणि इथे तो धंदेवाला काय बोलला ते महत्त्वाचं आहे. पार्लमेंटच्या कमिटीसमोर त्याने सांगितलं की पाण्यावर नफा कमवायचा आमचा अजिबात विचार नाही, आमचा नफा गावाच्या सुखात आणि लोकांच्या तब्येतीत. त्याच माणसाने गॅसवर मात्र बिनदिक्कत नफा काढला. पाणी जगायला लागतं, गॅस म्हणजे तेव्हा मुख्यतः दिवाबत्ती, हा फरक त्याने पक्का धरला होता. हा मुद्दा मला त्याच्या सगळ्या आयुष्यात सगळ्यात जास्त आवडतो, आणि बहुतेक टूरवाले तो सांगतच नाहीत.

गॅसची गोष्ट सांगायला समोरच्या म्युझियममध्ये चला. दारातून आत गेल्या गेल्या वर धावू नका, प्रवेशाजवळ कोरलेली ओळ शोधा, उद्योगाच्या कमाईतून आम्ही कलेला पुढे नेतो अशा अर्थाची. मुलांना मोठ्याने वाचायला लावा. ती शोभेची ओळ नाही, अक्षरशः खरी आहे. झालं असं, गावात दोन गॅस कंपन्या, एकमेकींशी स्पर्धा करत एकाच रस्त्यात दोन-दोन पाइप टाकायच्या, रस्ते सारखे खणलेले. महापौर म्हणाला दोन्ही विकत घेऊ. किंमत १९,५३,०५० पौंड, गावाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखाच्या आसपास, लोकांचे डोळे पांढरे झाले. त्यावर त्याने सभागृहात कारखानदाराचं उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की तुम्हाला भीती वाटत असेल तर ठेका मला द्या, वर्षाला २०,००० पौंड मी नगरपालिकेला भरतो आणि वर माझं भलं करून घेतो. ज्याने आयुष्यभर हिशोब केले त्याने असं म्हटल्यावर सभागृहाला कळलं की ह्यात पैसा आहे. १८७५ मध्ये व्यवहार झाला आणि पहिल्याच वर्षी नफा ३४,००० पौंड.

आता म्युझियमचा संबंध. ग्रंथालय-कलादालनावर घरपट्टीतून किती खर्च करायचा ह्यावर कायद्याने मर्यादा होती, त्यात इमारत बसेना. मग गॅस समिती म्हणाली आम्हाला ऑफिस बांधायचंच आहे, खाली आमचं ऑफिस, वर तुमची चित्रं. १८८५ मध्ये म्युझियम उघडलं ते असं. बाजूला गॅस हॉल नावाचं दालन आहे, आता तिथे प्रदर्शनं भरतात, मूळात तिथे लोक रांगेत उभं राहून गॅसचं बिल भरायचे. म्हणजे खाली बिलाची खिडकी आणि वर रोझेटी-बर्न जोन्सची चित्रं. चित्रं जरूर बघा, प्री-रॅफेलाइट म्हणजे ह्याच मंडळींच्या शैलीतल्या चित्रांचा संग्रह इथला फार मोठा आहे, तासभर आरामात जातो. चहाही इथेच घ्या.

आणि कोणी विचारेलच की मग आता काय. तर गॅस १९४९ मध्ये राष्ट्रीयीकरणात गेला, पाणी १९७४ मध्ये गेलं आणि १९८९ मध्ये परत खाजगी झालं. २०२३च्या सप्टेंबरमध्ये ह्याच काउन्सिलने कलम ११४ची नोटीस काढली, म्हणजे हिशोब जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवीन खर्च बंद. कारणं वेगळी होती, समान वेतनाचे जुने दावे आणि नव्या कॉम्प्युटर सिस्टिमवर झालेला खर्च, ह्याचा चेंबरलेनशी संबंध लावू नका. पण त्या दिवशी बातमी वाचून मी ऑफिसातून निघून ह्या चौकात आले होते, कारंज्याजवळ उभी राहिले, मन फार खराब झालं होतं. ज्या गावाने दुसऱ्यांना नगरपालिका कशी चालवायची ते शिकवलं त्याच्या लायब्ररीचे तास कमी होणार हे मला अजून पटत नाही.

म्युझियममधून निघालात की पंधरा मिनिटांत कॉर्पोरेशन स्ट्रीट. इथे चेंबरलेनची दुसरी बाजू बघायची, ही टाळू नका, पाहुण्यांना फक्त गोडगोड सांगण्यात काही अर्थ नाही. १८७५ मध्ये झोपडपट्टी सुधारायचा नवा कायदा आला, त्याचा आधार घेऊन महापौराने गावाच्या मधल्या दाट वस्तीतली जमीन नगरपालिकेकडून विकत घेववली, स्वतःच्या खिशातले १०,००० पौंड घातले, आणि तिथून पॅरिसच्या धर्तीवर रुंद रस्ता काढायचं ठरवलं. काम १८७८ मध्ये सुरू झालं. दुकानांच्या जागा विकल्या नाहीत, ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, म्हणजे मुदत संपली की जमीन आणि वरची इमारत परत गावाची, नातवंडांच्या काळातल्या नगरपालिकेला श्रीमंत करायचा हिशोब. त्या भागातला मृत्युदर हजारी ५३ होता तो काही वर्षांत २१ वर आला असे आकडे दिले जातात. पण त्यातला एक प्रश्न विचाराच, आधी तिथे राहणारे लोक गेले कुठे? नगरपालिकेने त्यांच्यासाठी तिथे जवळपास काहीच घरं बांधली नाहीत, ते शेजारच्या आधीच दाटलेल्या वस्त्यांमध्ये गेले. वस्ती मोकळी झाली तर तिथले मृत्यू कमी दिसणारच. मुंबईत गिरणगावातल्या टॉवरखालून जाताना जो प्रश्न मनात येतो तोच इथे येतो. रस्त्याच्या वरच्या टोकाला लाल टेराकोटाचं व्हिक्टोरिया लॉ कोर्ट्स आहे, तिथपर्यंत चालत जा आणि वर बघत चला, खालची दुकानं बदललीत पण वरचे मजले अजून काही ठिकाणी जुने आहेत.

ट्रामसाठी थांबलात की त्याच्या घरचं सांगा, कारण हे सगळं करत असताना माणसावर काय गुदरत होतं ते माहीत नसेल तर चित्र अर्धं राहतं. पहिली बायको हॅरिएट १८६३ मध्ये ऑस्टिनच्या जन्मानंतर गेली. दुसरी फ्लोरेन्स, तिचीच चुलत बहीण, ती १८७५च्या फेब्रुवारीत बाळंतपणात गेली, बाळही गेलं. गॅस, पाणी, वस्ती, सगळी मोठी कामं ह्याच सुमारास चालू होती. घरात आईविना सहा मुलं. नेव्हिल तेव्हा सहा वर्षांचाही झाला नव्हता. मी बाळंतपणाच्या वॉर्डात काम केलेलं आहे म्हणून असेल, पण ही तारीख मला कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

कॉर्पोरेशन स्ट्रीटच्याच स्टॉपवरून ट्राम पकडा आणि ज्वेलरी क्वार्टरला उतरा, बदलावी लागत नाही. इथे आपला झवेरी बाजार आठवेल, गल्लोगल्ली सोनारांची दुकानं आणि कारखाने. वाइस स्ट्रीट आणि वॉर्स्टोन लेन मिळतात त्या चौकात ओतीव लोखंडाचं उभं घड्याळ आहे, चेंबरलेन क्लॉक. आत्तापर्यंतचं सगळं महापौराचं होतं, हे नाही. १८७६ मध्ये खासदार झाल्यावर त्याने महापौरपद सोडलं, पुढे १८९५ ते १९०३ तो वसाहतींचा मंत्री होता, दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध त्याच्याच काळातलं. हिंदुस्थान त्याच्या खात्यात येत नव्हता, त्याला वेगळा मंत्री असायचा. युद्धानंतर १९०२-०३ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला आणि त्या दौऱ्याची आठवण म्हणून हे घड्याळ उभं केलं.

तोच दौरा म्हणजे आपल्याकडची केवढी मोठी गोष्ट. गांधीजी तेव्हा आफ्रिकेतून परत येऊन मुंबईत स्थिरावायला बघत होते, आधी गिरगावात, मग मनिलालच्या आजारपणानंतर सांताक्रूझला बंगला घेऊन. वकिली जरा कुठे बसत होती तेवढ्यात आफ्रिकेतून तार आली, चेंबरलेन येतोय, ताबडतोब या. घरसंसार मुंबईत ठेवून ते गेले, डर्बनला हिंदी लोकांच्या तक्रारींचं निवेदन घेऊन ह्याच्यासमोर उभे राहिले, आणि ह्याने थंडपणे सांगितलं की तिथल्या वसाहतींवर आमचा फारसा ताबा नाही, तुम्हाला त्या गोऱ्या लोकांशीच जुळवून घ्यावं लागेल. पुढे प्रिटोरियात तर शिष्टमंडळात गांधीजींना येऊच दिलं नाही. थोड्या महिन्यांसाठी गेलेले गांधीजी जोहान्सबर्गला राहिले आणि आफ्रिका कायमची सोडली ती १९१४च्या जुलैमध्ये. बर्मिंगहॅमच्या गरिबाला रोज पाणी मिळावं म्हणून भांडणारा माणूस डर्बनच्या हिंदी माणसाला असं उत्तर देतो, मला ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या म्हणून सांगाव्याशा वाटतात, एकीने दुसरी पुसली जात नाही. आमच्या मावशीने घड्याळाकडे बघून विचारलं, "हे चालतं का?" बघितलं तर वेळ बरोबर होती.

वेळ आणि पाय शिल्लक असतील तर दोन जागा अजून, पण त्या वेगळ्या दिवशी केल्या तरी चालतील. युनिव्हर्सिटी, न्यू स्ट्रीटवरून ट्रेनने थोड्या मिनिटांवर, तिथला उंच घड्याळाचा मनोरा लांबूनच दिसतो, त्याला सगळे ओल्ड जो म्हणतात तो ह्याच्याच नावावरून, १९०० मध्ये स्वतः कॉलेजला न गेलेल्या माणसाने गावासाठी युनिव्हर्सिटी उभी केली. आणि मोझली-किंग्ज हीथच्या मध्ये त्याचं घर हायबरी, सेंटरमधून ५० नंबरची बस. घर ठरावीक दिवशीच आतून बघता येतं, आधी चौकशी करा, बाग मात्र सार्वजनिक आहे, डबा घेऊन जायला उत्तम.

पण पहिल्या दिवशी शेवट की हिलला करा. ज्वेलरी क्वार्टर स्टेशनच्या अगदी शेजारी जुनं कब्रस्तान आहे. १९०६ मध्ये सत्तरावा वाढदिवस सगळ्या गावाने साजरा केला आणि त्याच आठवड्यात त्याला अर्धांगाचा झटका आला, पुढची आठ वर्षं तशीच गेली, २ जुलै १९१४ला लंडनमध्ये वारला. गांधीजींनी आफ्रिका सोडली तोच महिना. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये जागा द्यायची तयारी होती, घरच्यांनी नको म्हटलं आणि त्याला इथे आणलं. राजवाडा वगैरे शोधू नका, साधी घराण्याची कबर आहे, पाटी वाचत वाचत शोधावी लागते, जमीन चढउताराची आहे आणि पावसानंतर गवत निसरडं होतं, तर म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. हिवाळ्यात येणार असाल तर तीनच्या आत पोचा, चारला अंधार पडायला लागतो.